फायलीत लिहिलं होतं, भाषा : मराठी

फायलीच्या पहिल्या पानावर मोजक्या नोंदी होत्या. वय 76. विधवा. मधुमेह, गोळ्या चालू. डिमेन्शिया, निदान चार वर्षांपूर्वी. भाषा : मराठी. आणि खाली तांबड्या शाईने, 'आंघोळीला विरोध. हात उगारतात.' मला बोलावलं होतं ते या तांबड्या ओळीसाठी. काळ्या शाईतल्या नोंदींत काही चुकलं असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही.

बेळगावातल्या आणि जवळपासच्या काही वृद्धनिवासांत मी पंधरवड्यातून एकदा जाते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. विसरभोळेपणाच्या पुढे गेलेल्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं, हे माझं काम. या आजींचं किंवा निवासाचं नाव इथे देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

आजी शहापूरच्या, विणकराच्या घरातल्या. शहापूर जुन्या सांगली संस्थानातलं. तिथे आणि शेजारच्या वडगावात अजूनही काही गल्ल्यांतून चालताना मागांचा खडखडाट ऐकू येतो. यजमान आधी हातमागावर होते, मग दोन पॉवरलूम घातले. ते जाऊन नऊ वर्षं झाली. थोरला मुलगा माग चालवतो, धाकटा पुण्यात, मुलगी कोल्हापूरला दिलेली. आधी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, मग आजी गेलेल्या यजमानांचं ताट वाढायला लागल्या. अल्झायमर आणि मेंदूतले बारीक झटके असं मिश्र निदान झालं. मग एका दुपारी पिशवी घेऊन त्या निघाल्या आणि थेट मध्यवर्ती बसस्थानकावर, गोकाकच्या गाडीशेजारी सापडल्या. असं तीनदा झाल्यावर घरानं हात टेकले.

सुनेबद्दल इथेच लिहून टाकते. दोन वर्षं ती बाई सलग चार तास झोपली नव्हती. तिला नावं ठेवणारे पाहुणे मला बरेच भेटले, एक रात्र जागायला आलेला एकही भेटला नाही.

आंघोळ

दुसऱ्या भेटीला मी पहाटेच गेले. सहाची वेळ, शॉवरची खोली, दोन मावश्या. एकीनं गाऊनच्या गळ्याला हात घातला तशी आजींनी दोन्ही कोपरं छातीशी घट्ट आवळली. "बघा, रोज असंच," मावशी म्हणाल्या. गाऊन निघाला, डोक्यावर पाणी पडलं, आजी ओरडल्या आणि मग हात उगारला. या सगळ्याला दीड मिनिटही लागलं नाही.

मुलीला फोन लावून विचारलं, आई घरी आंघोळ कशी करायची? तिला क्षणभर आठवावं लागलं. मग म्हणाली, न्हाणीत पाटावर बसून. परकर छातीवर बांधून. आधी तांब्यानं पायावर पाणी घ्यायची, मग खांद्यावर. बंबातलं कढत पाणी. आणि सकाळचा स्वयंपाक उरकल्यावर, कधीच आधी नाही.

म्हणजे ही बाई जन्मभर एकटी असतानाही पूर्ण उघडी होऊन न्हायली नव्हती, आणि आम्ही तिला अंधार असताना दोन परक्या बायांपुढे उभी करत होतो. वर तिच्या नावावर 'विरोध' लिहीत होतो.

उपाय साधा होता, पण सोपा नव्हता. सकाळच्या पाळीला वीस माणसांमागे तीन मावश्या. "एकीसाठी दहा वाजता गरम पाणी कोण काढणार?" हा व्यवस्थापिकेचा प्रश्न मला उद्धट वाटला नाही, हिशेब बरोबरच होता. शेवटी ठरलं ते असं : आंघोळ एक दिवसाआड, साडेदहाला, बादली-तांब्या-पाट, छातीवर परकर. मधल्या दिवशी ओल्या पंचानं हातपाय-तोंड. पहिला तांब्या त्यांच्याच हातात द्यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी तो घेतला, पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि पायावर ओतला. नंतर मावशीकडे बघून पाठ पुढे केली. हात उगारणं पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही, आठवड्याला एखादी वेळ होतेच. पण ती तांबडी ओळ खोडून तिथे 'उघडं केल्यास घाबरतात' असं मी लिहायला लावलं.

कपड्यांचंही तसंच. गाऊन मावश्यांच्या सोयीचा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 20 मध्ये खासगीपणा आणि स्वतःचे कपडे घालायची मुभा, दोन्ही स्पष्ट आहेत. वृद्धनिवासवाले म्हणतात, आम्ही हॉस्पिटल नव्हे, आम्हाला तो कायदा लागू नाही. कायदा मात्र पाटीवर काय लिहिलंय ते विचारत नाही. अशा माणसांना तिथे ठेवून त्यांची देखभाल होते का, एवढं पाहतो. आणि विचारशक्ती, दिशाभान किंवा स्मरणशक्ती यांच्या गंभीर बिघाडाचा उल्लेख त्याच्या व्याख्येतच आहे, तेव्हा डिमेन्शिया बाहेर राहत नाही. वाद न वाढवता दिवसा इरकल लुगडं आणि रात्री गाऊन असं जमवलं. पाय अडकू नये म्हणून लुगडं चार बोटं वर नेसवायचं.

मनिगी होगतेनि

आता काळ्या शाईच्या नोंदीकडे येते.

निवासात बैलहोंगलकडची एक मुलगी कामाला होती, लागून सहाच महिने झालेले. आजी फक्त तिच्या हातून नीट जेवायच्या. इतरांनी भरवलं की तोंड फिरवायच्या, ही आली की अख्खी भाकरी संपायची. हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. एकदा मी दाराआड उभी राहिले. मुलगी हळू आवाजात विचारत होती, "ऊटा ब्याडेन अव्वा?" जेवण नको का? आणि आजी तिला 'तंगी' म्हणत, म्हणजे धाकटी बहीण, भरभरून काहीतरी सांगत होत्या. अस्खलित कन्नड, तेही गोकाककडचं.

मला पाहून मुलगी घाबरली. "सांगू नका अक्का, काम जाईल."

कारण दाखल करताना थोरल्यांनी लेखी सूचना दिली होती : आईशी कन्नड बोलू नये, तिचा गोंधळ वाढतो. आणि पहिल्या भेटीत त्या कागदावर मीही सही केली होती. एकच भाषा ठेवली की गोंधळ कमी, असं मी तेव्हा बोलले होते. ऐकायला शास्त्रीय वाटतं. खरं सांगायचं तर त्या सहीत सगळं शास्त्र नव्हतं. मी इथलीच, मराठी शाळेतली, आमच्याही घरात 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, निषेधाची काळी फीत लागत आली. सूचना मला खटकली नाही, कारण ती मला आवडली होती.

या आजारात सहसा अलीकडचं आधी जातं आणि जुनं मागे राहतं. पुढे शिकलेल्या भाषेचे शब्द गळतात, लहानपणीची भाषा वर येते. दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या माणसांत हे अनेकदा दिसतं. आजींचं माहेर गोकाक फॉल्सचं, वडील तिथल्या सूतगिरणीत. सतराव्या वर्षी लग्न होऊन शहापुरात आल्या. मुलांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आई कन्नडमध्ये विचार करत असेल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

इथे भाषेचाच आणखी एक घोळ सांगण्यासारखा आहे. आधीच्या एका समुपदेशकानं, जो पुण्याकडे शिकून आला होता, फायलीत नोंदवलं होतं की रुग्ण स्वतःबद्दल पुल्लिंगी बोलतात, स्वतःच्या ओळखीबाबत गोंधळ दिसतो. आजी म्हणाल्या होत्या, "मी घरला जातो." बेळगावात निम्म्या बायका असंच बोलतात, माझी आईसुद्धा. ती नोंद वाचून मी हसले, मग घाबरले. कारण अशा तीन नोंदी एकत्र आल्या की कुणीतरी औषधाचा डोस वाढवतो.

आजींची स्मृतिचाचणी मराठीतून झाली होती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पुढाकारानं तयार झालेला डिमेन्शियासाठीचा चाचणी-संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा 5 भाषांत पडताळला गेलाय. मराठी त्यात नाही. म्हणजे आजींच्या बाबतीत पडताळलेलं साधन हाताशी होतं, ते वापरलं गेलं नव्हतं. डॉक्टरांना विनंती केल्यावर त्यांनी कन्नडमधून पुन्हा तपासलं. आजार होताच, कमी झाला नाही. पण वार, ऋतू, समोरच्या वस्तूंची नावं यांत आजी आधीपेक्षा बऱ्याच पुढे होत्या. 'काही समजत नाही' असं ज्यांच्याबद्दल वर्षभर बोललं गेलं, त्यांना बरंच समजत होतं.

थोरल्यांना बोलावलं. ते शांतपणे ऐकून घेणारे गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी आवाज चढला.

"ताई, आमच्या घरातनं माणसं जेलला गेल्यात. 1986 ला कन्नडसक्तीच्या विरोधात आई स्वतः मोर्चात होती. तिला शुद्ध असती तर तिनंच सांगितलं असतं, माझ्याशी कन्नड बोलू नका म्हणून. आणि तुम्ही आता तिच्या तोंडात तेच घालूलालाय."

बाहेरच्या वाचकाला हा हट्ट वाटेल. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेपासून इथल्या घरांनी काय काय सोसलंय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वाटणार नाही. त्यांचा मुद्दा खरोखर वजनदार होता : कुणाचं ऐकायचं, तेव्हाच्या आईचं की आत्ताच्या?

आजाऱ्याच्या वतीनं निर्णयात मदत करणाऱ्यानं काय पाहावं, ते 2017 च्या कायद्याचं कलम 17 सांगतं. त्या माणसाच्या आत्ताच्या आणि पूर्वीच्या इच्छा, जीवनक्रम, मूल्यं, सांस्कृतिक पार्श्वभूमी आणि हित. पुढे असंही म्हटलंय की निर्णयाचं स्वरूप त्याला जितपत समजतं, तितपत त्याच्या मताला विशेष वजन द्यावं. म्हणजे थोरले म्हणत होते ती मूल्यंही कायद्यात आहेत आणि भाकरी मागणारी आजची आजीही.

मी एक वाक्य बोलून गेले. म्हटलं, "चळवळ कशासाठी होती? आपल्याला आपल्या भाषेत बोलता यावं म्हणून. आई तेच मागतीय." वाक्य चांगलं होतं, वेळ वाईट होती. ते उठून गेले आणि तीन आठवडे त्यांनी माझा फोन घेतला नाही.

कोंडी फोडली ती मामांनी. आजींचे धाकटे भाऊ, सत्तरीचे, गोकाकहून बहिणीला भेटायला आले. बहिणीशी कन्नड, भाच्यांशी मराठी, मधे श्वास न घेता. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की लग्नानंतर पहिल्या वर्षी अक्का माहेरी आली, तेव्हा रडत होती. सासूनं ताकीद दिली होती, या घरात तुझी ती भाषा तोंडातून काढायची नाही. चुलीपाशी एकटी असतानाही नाही. सहा महिने ती जवळजवळ मुकीच होती, मग मराठी शिकली. इतकी शिकली की आम्हालाच हसायची.

थोरले बराच वेळ जमिनीकडे बघत होते. आम्ही तीच ताकीद पुन्हा लेखी दिली होती, खाली माझ्या सहीनिशी.

'पूर्वीच्या इच्छा' हा शब्द त्या दिवसापासून मी जपून वापरते. मोर्चात चालणारी आजी खरी होती. चुलीपाशी गप्प राहिलेली सुनही खरी, आणि तिला कुणी कधी इच्छा विचारलीच नव्हती. सूचना रद्द झाली. तिच्या जागी 'कन्नड बोलावे' असंही लिहिलं नाही, कारण आजी कधी कधी मराठीतही येतात, विशेषतः कुणावर रागावल्या की. आता तिथे लिहिलंय, 'भाषा : आजी सुरू करतील ती.'

चार वाजताचं दार

दुपारी साडेतीन-चारला आजी दाराशी जायच्या. "मनिगी होगतेनि." घरी जाते. आमचं दार बंद, मग त्या कडी वाजवायच्या, मग संध्याकाळभर आरडाओरडा. मी जाण्याआधी काही दिवस त्यांना त्या वेळी ओढणीनं खुर्चीला बांधलं जायचं, 'पडू नयेत म्हणून'. याबद्दल कायदा संदिग्ध नाही. कलम 97 प्रमाणे शारीरिक बंधन तात्काळ धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, आणि गरजेपेक्षा क्षणभरही जास्त नाही. माणसं कमी आहेत हे कारण चालत नाही. ओढणी बंद झाली, तर तिच्या जागी गुंगी आणणारी, मनोविकारावरची गोळी पुढे आली. तिनं बांधलेलं दिसत नाही एवढाच फरक. वयस्क डिमेन्शिया रुग्णांत मनोविकारावरच्या काही औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी तीही कमी करत नेली.

मला वाटलं, विणकराची बाई, हाताला काम हवं असेल. मुलाकडून जुना चरखा आणि सूत मागवलं, कांड्या भरायला बसवलं. आजींनी चरख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "चाळीस वर्षं भरल्या. आता तू भर." चरखा परत गेला. अर्थपूर्ण काम द्यावं असं आम्ही प्रशिक्षणात सांगतो, ते नाकारायचाही हक्क असतो हे सांगायचं राहून जातं.

चारचं कोडंही मामांनीच उलगडलं. गिरणीची पाळी सुटायच्या वेळी अक्का वडिलांना आणायला धबधब्याजवळच्या पुलापर्यंत जायची. तिला शहापूरच्या घरी जायचं नव्हतंच. आता साडेतीनला कुणीतरी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आणि पुढे पिंपळाच्या कट्ट्यापर्यंत जातं. काही दिवस त्या तिथूनच परततात, काही दिवस बसून राहतात, काही दिवस रडतात. एकदा रस्त्यावर जाऊन पडल्या, मनगट मुरगळलं. धाकट्यानं पुण्याहून फोनवर जाब विचारला आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. दार पुन्हा बंद करायचं का, यावर बैठक झाली. फिरणं चालू ठेवायचं ठरलं, सोबत एकाऐवजी दोघी. पदराच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवला आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरांत.

मधे एका आठवड्यात आजी अचानक फारच बिघडल्या, ओळख सुटली, रात्रभर बडबड. सगळे म्हणाले आजार पुढे सरकला. लघवी तपासली तर संसर्ग होता, प्रतिजैविकांनी चार दिवसांत उतार पडला. एकाएकी झालेला बदल डिमेन्शियाच्या खात्यावर टाकायच्या आधी ही एक तपासणी करून घ्यावी.

अंगठा

शहापूरचं घर यजमानांनंतर आजींच्या नावावर आहे. थोरल्यांना नव्या मागांसाठी कर्ज हवं होतं, त्यासाठी हक्कसोड पत्र. ओळखीच्या एकानं सल्ला दिला होता, अंगठा घेऊन टाका, नंतर कोण विचारतंय.

भारतीय करार कायदा 1872, कलम 12 : करार करताना तो समजून घेऊन आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे माणसाला ठरवता आलं पाहिजे. एरवी भान नसलेला माणूस भानावर असताना करार करू शकतो, अशीही सोय त्यात आहे. म्हणून 'डिमेन्शिया आहे, म्हणजे सही बाद' असं आम्ही धरलं नाही. सकाळी, न्याहारीनंतर, दोन्ही भाषा येणाऱ्या आणि घराशी संबंध नसलेल्या एका निवृत्त शिक्षिकेनं आजींना दोन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. घर कुणाचं? दोन्ही दिवशी उत्तर आलं, "अप्पंद." वडिलांचं. गोकाकचं घर त्यांना आठवत होतं. शहापूरचं त्यांच्या लेखी नव्हतंच. अंगठा घेतला नाही.

मग मुखत्यारपत्र चालेल का? तेही नाही. देणाऱ्याचं भान गेलं की त्याच करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारी संपते. उरतो पालक नेमून घ्यायचा रस्ता, म्हणजे वकील आणि न्यायालय. उच्च न्यायालयात जायचं तर धारवाडचं खंडपीठ. थोरल्यांनी अजून पाऊल उचललेलं नाही, आणि माग जुनेच आहेत. हक्क जपण्याची किंमत कधी कधी असा दुसराच कुणीतरी भरतो.

त्याच शिक्षिकेनं आणखी एक प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी विचारला : आजारपणात तुमच्या वतीनं कुणी बोलावं? तिन्ही वेळा उत्तर एकच, "मगळ." मुलगी. आणि एकदा पुढे, "ती ओरडत नाही." घर कळत नाही पण माणूस कळतं, असं असू शकतं. क्षमता एकेका निर्णयापुरती पाहायची असते, ती अशी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 14 प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायला साधा कागद आणि अंगठा पुरतो, तो झाला. त्यानं घर-मिळकतीवर कसलाही अधिकार येत नाही, हे मी सगळ्या भावंडांना तीनदा सांगितलं. थोरल्यांना लागलं. रोजचा डबा त्यांनी पोचवला होता आणि आईनं नाव घेतलं कोल्हापूरचं. त्यांची समजूत मला काढता आली नाही.

मुलीनं प्रतिनिधी झाल्यावर पहिलं काय केलं, तर गोकाकचा करदंट आणला, डिंक-सुक्यामेव्याची चिवट वडी. साखर, शिवाय चावताना घशात अडकायची भीती. डॉक्टरांनी बारीक तुकडा, बसवून, कुणीतरी समोर असताना, आठवड्यातून एकदा अशी परवानगी दिली. त्याऐवजी मऊ म्हणून बेळगावचा कुंदा देऊन पाहिला होता. आजींनी चाखून वाटी परत सरकवली.

1 नोव्हेंबरला मी निवासात होते. फाटकाला कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा, आत कर्मचाऱ्यांसाठी गोड. दुपारी थोरले आले, निषेधफेरीतून थेट, दंडाला काळी फीत तशीच. झेंड्याखालून आत येताना ते जरा थांबले. आजी व्हरांड्यात बसल्या होत्या. मुलाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ऊटा आतेन?"

जेवण झालं का, एवढंच. बाजारपेठेत सूत घेताना थोरले दिवसभर कन्नड बोलतात, त्यांना उत्तर सहज देता आलं असतं. "नाही अजून, आई," ते मराठीत म्हणाले. आजींना काही खटकलं नाही. त्यांनी कन्नडमध्ये पुढचं विचारलं, थोरल्यांनी मराठीत सांगितलं. असं वीस मिनिटं चाललं. मग साडेतीन झाले, आजी उठल्या, आणि त्या दिवशी कट्ट्यापर्यंत सोबत मावश्यांऐवजी थोरले गेले.